तळोदा ते रास अल खैमा: विमानाने सुमारे तीन तास

मी तळोदा सोडलं त्या दिवशी माझ्या गाडीची अनाउन्समेंट माझ्या बापानेच केली. नाना तेव्हा तळोद्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे एस.टी.चे वाहतूक नियंत्रक. लोखंडी जाळीच्या खिडकीआड बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरवर डाफरायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, पण माइक हातात आला की नानांच्या तोंडून एकदम पुस्तकी मराठी निघायचं. "शहादा, धुळेमार्गे नाशिककडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

लग्नाला दोन-अडीच महिने झाले होते. नितीन, माझा नवरा, आधीच इकडे रास अल खैमाला येऊन कामाला लागला होता. माझा व्हिसा आला म्हणून नाशिकहून सासरे मला न्यायला आले होते. माय फलाटावर उभी राहून खिडकीतून माझा हात धरून होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून एकच विचारत होती, "जेवनी का? पोटभर जेवनी का?" अगं, तूच तर वाढलंस! नानांनी गाडी दोनदा पुकारली. मग तिसऱ्यांदा पुकारली. चढायला कुणी उरलंच नव्हतं. ड्रायव्हरने खिडकीकडे बघून विचारलं, "साहेब, काढू का?" नानांनी गाडी चौथ्यांदा पुकारली. मी जाळीकडे बघत होते, पण त्या जाळीतून माणसाचा चेहरा कधीच दिसायचा नाही, नुसता शर्ट दिसायचा.

हे मी कुणासाठी लिहितेय? तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे इकडे येऊन पडलेत त्यांच्यासाठी. वाचून कुणाला बरं वाटेल असं यात काही नाही, ते आधीच सांगून ठेवते.

दुबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, ते रास अल खैमात नाही. हे अमिरातींचं पार उत्तरेचं टोक. पुढे डोंगर, आणि डोंगरापलीकडे ओमान. नितीन इथे टाइल्सच्या फॅक्टरीत आहे आणि मी एका शाळेच्या ऑफिसात ॲडमिशनचं काम बघते. कधी सणावाराला दुबईत करामाच्या बाजारात सामान आणायला गेलो आणि तिथे कुणी मराठी भेटलं, की हमखास प्रश्न येतो, "रास अल खैमाहून आलात? बाप रे, एवढ्या लांबून?" कॉलेजात असताना पुण्याच्या मुली तळोद्याचं नाव ऐकून अगदी हेच, असंच तोंड करून म्हणायच्या. एका टोकाच्या गावातून उठले आणि दुसऱ्या टोकाच्या गावात येऊन बसले, काय म्हणावं याला! तिकडे सातपुडा होता. इकडचे डोंगर बोडके, झाड नाही की झुडूप नाही. पहिल्या वर्षी मी बाल्कनीत उभी राहून त्या डोंगरांकडे बघून रडायचे, आणि नितीन बिचारा कामावरून आल्यावर विचारायचा, "आज पण?"

मग सवय झाली. सवय कशाची होत नाही? ऑफिसात इंग्लिश, टॅक्सीत हिंदी, गॅसवाल्याला "यल्ला भाई, जल्दी करो", काम संपलं की "खलास". ईशाला, माझ्या मुलीला, मी मराठीत ओरडते आणि ती मला इंग्लिशमध्ये उलट बोलते. तिला अहिराणी म्हणजे आजी-आजोबांची फोनवरची भाषा एवढंच माहीत.

आता मुद्द्याचं सांगते.

आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. नंदुरबार पाऊण तास, शहादा अर्धा-पाऊण तास, सुरत चार तास. बाकी लोक अंदाजाने बोलायचे, नाना तक्त्यावरून बोलायचे. स्टँडवर भिंतीवर पिवळ्या अक्षरात लिहिलेला वेळापत्रकाचा तक्ता असतो ना, तो. तक्त्यावर वेळ लिहिली म्हणजे ती गाडी आहे. उशिरा येईल, पंक्चर होईल, गर्दीत जागा मिळणार नाही, पण आहे. नसलेल्या गाडीची वेळ कोण कशाला लिहील? तीस-एक वर्षं त्या माणसाने हेच पाहिलं, दुसरं काही पाहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ प्रमोद. त्याचं तळोद्यात मोबाइलचं दुकान आहे. एकदा दुपारी दुकानात नाना बसलेले असताना त्याने सहज फोनवर दोन्ही गावांची नावं टाकली. कुठलीतरी वेबसाइट उघडली. त्यात तळोदा ते रास अल खैमा इतके इतके किलोमीटर, मधोमध एक सरळ रेघ, आणि खाली लिहिलेलं, विमानाने लागणारा वेळ: दोन तास बावन्न मिनिटं.

नाना खुर्चीतून उठलेच म्हणे. "बावन्न मिनिटं? मिनिटांत लिहिलंय?" प्रमोदने हो म्हटलं. नानांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि दुकान तसंच सोडून घरी जाऊन मायला सांगितलं.

आता तुम्हीच सांगा. तळोद्यात विमानतळ सोडा, रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. ती वेबसाइट कुठलीही दोन गावं घेते, मधे पट्टी ठेवून रेघ मारते, आणि त्या रेघेवरून एक विमान उडालं तर किती वेळ लागेल त्याचा हिशोब करून देते. असं विमान नाही, कधी नव्हतं, कधी असणारही नाही. मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं. "नाना, अहो ते नुसतं गणित आहे. असं विमान नाहीये." नाना हसले. त्यांचं अहिराणी मी इथे बहुतेक मराठीत लिहितेय. "वेळ दिलीय ना? मग?" मी प्रमोदला म्हटलं, अरे तू तरी समजाव. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई, माय किती खूश झालीय बघ."

माय खूश झाली होती ते खरं. त्याआधी मी तिच्या दृष्टीने समुद्रापलीकडे कुठेतरी होते, त्या जागेचा तिला अंदाजच करता येत नव्हता. आता मी सुरतेच्याही अलीकडे आले. गल्लीत कुणी म्हटलं, पोरगी फार लांब दिली हो तुम्ही, की माय तोऱ्यात सांगायची, "लांब कशानी? मनी पोर आठेच शे, तीन तासवर." शेजारणीची लेक पुण्याला होती, तिला माहेरी यायला रात्रभर लागायचं. त्या शेजारणीला ऐकवताना तर मायच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी पण मग बोलणं सोडलं. किती वेळा डोकं फोडणार?

तुम्ही म्हणाल, वर्षातून एकदा यायचीस ना, मग त्यांना वाट कळली कशी नाही? नाही कळली, कारण त्यांनी ती कधी सलग पाहिलीच नाही. आपल्याकडची रीत, सुट्टीत लेक आधी सासरी उतरते. मी विमानातून उतरून नाशिकला जायचे. तिथे आठवडाभर सासूबाईंकडे, मग चार नातेवाईक, मग एक दिवस सकाळी नाशिकहून गाडीत बसून संध्याकाळी तळोद्याला. मायच्या मनात मी नेहमी नाशिकहून यायचे. नाशिकच्या मागे काय आहे, किती आहे, ते तिच्या लेखी त्या तीन तासांत बसलेलं. आणि आधी माहेरी जाते असं म्हणण्याची माझी तरी काय टाप होती? कुणाची असते?

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मायच्या छातीत पाणी झालं. नंदुरबारला दवाखान्यात ठेवलं, मग बरं वाटतंय म्हणून घरी आणलं. मी गुरुवारचं तिकीट काढलं होतं. व्हिडिओ कॉलवर तिला दाखवलं, ही बघ बॅग भरतेय. तिने मान हलवली. तिच्याने फार बोलवत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी शाळेत काउंटरवर बसले होते. समोर एक बाई तिच्या मुलाचे कागद घेऊन उभी. फोन वाजला, प्रमोदचं नाव दिसलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, माय गेली." फोन नानांनी घेतला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"लगेच निघ," नाना म्हणाले. "आम्ही तुझ्यासाठी थांबतो."

"नाना, मला पोचायला उद्या सकाळ होईल हो. थांबा माझ्यासाठी. मला तिचं तोंड बघायचंय."

"हो हो, थांबतो ना. तू निघ. लेक आल्याशिवाय कुणी उचलतं का?"

मला वाटलं, ऐकलं त्यांनी. उद्या सकाळ हे शब्द त्यांच्या कानात शिरले की नाही, देव जाणे. घर भरलेलं, कुणी टाहो फोडतंय, कुणी तिरडीचं सामान विचारतंय. थांबायचं हे आमचं दोघांचं ठरलं होतं. फक्त कुठपर्यंत, ते त्यांच्या मनात एक होतं आणि माझ्या मनात दुसरं.

सुरतेचं विमान त्या दिवशी सोयीचं नव्हतं. दुबईहून मुंबईचं दुपारचं मिळालं, तेच पहिलं. नितीन सुट्टी टाकून फॅक्टरीतून थेट शाळेत आला, ईशाला शेजारणीकडे सोडलं, रस्त्याला शारजाच्या अलीकडे ही एवढी गाड्यांची रांग. मी एअरपोर्टवरून प्रमोदला मेसेज टाकला, निघाले. त्याने तो घरात वाचून दाखवला. नानांनी घड्याळात बघितलं आणि तीन तास मोजले.

मला हे सगळं नंतर रूपालीने सांगितलं. रूपाली म्हणजे प्रमोदची बायको, खोटं बोलणारी पोरगी नाही. ती म्हणाली, चारपर्यंत सगळे शांत बसून होते. मग बाहेरगावचे पाहुणे चुळबुळ करायला लागले. पाच वाजले. प्रमोद मला फोन लावत होता, माझा फोन बंद. विमानात तो बंदच असणार ना! कुणीतरी मोठं माणूस म्हणालं, पोरगी निघाली असती तर एव्हाना आली असती. दिवस बुडायच्या आत करावं लागतं, आमच्याकडे अंधारात अग्नी देत नाहीत. प्रमोद म्हणाला, थांबू या, सकाळी करू. सगळे नानांकडे बघायला लागले. नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उचला."

मुंबईत विमान टेकलं आणि मी फोन चालू केला. फॅमिली ग्रुपवर फोटो आले होते. कुणी टाकले, कशाला टाकले, मला आजही कळत नाही. लोक फोटो काढतात तरी कशाचे! ज्वाळा दिसत होत्या. मागे आमच्या स्मशानाचा तो पत्र्याचा मांडव. माझ्या शेजारची बाई मला सांगत होती, मॅडम, उठा, सगळे उतरले. मी पट्टाही सोडला नव्हता.

तिथून भाड्याची गाडी करून तळोद्यात पोचले तेव्हा सकाळ झाली होती. मी सांगितलं होतं ती सकाळ. घरात शिरले. तिला जिथे ठेवलं होतं तिथे जमिनीवर पीठ पसरून ठेवलेलं, बाजूला दिवा लावलेला. बस, एवढंच. मी त्या पिठाकडे बघत बसले. रडूसुद्धा येईना मला. बायका येऊन मला जवळ घ्यायच्या, त्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न असायचा, तो कुणी विचारला नाही.

नानांनी विचारला. विचारला नाही, सांगितलंच. ओट्यावर बसले होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर केलास तू." अहिराणीत नाही. माइकवरच्या त्या मराठीत, स्टँडवर अनोळखी प्रवाशाला सांगायचे तसं. आयुष्यात नाना माझ्याशी त्या भाषेत कधी बोलले नव्हते.

त्याच दिवशी रूपालीने आणखी एक सांगितलं. न सांगती तर बरं झालं असतं. सोमवारी संध्याकाळी माय माझं नाव घेऊन एकसारखी विचारत होती, "वैशू उनी का? उनी का वैशू?" आणि नाना तिच्या उशाशी बसून सांगत होते, येतेय, येतेय, किती लांब आहे ती, तीन तास. ते ऐकून ती शांत पडायची. थोड्या वेळाने परत विचारायची.

त्यानंतर वर्षभर नाना माझ्याशी धड बोलले नाहीत. फोन केला की "हं." बरे आहात का? "हं." औषध घेतलं? "हं." प्रमोद सांगायचा, कुणी भेटायला आलं की म्हणतात, तीन तासांवर आहे पोरगी, आईला बघायला आली नाही. मी तिकीट पाठवलं, विमानाच्या वेळा पाठवल्या, प्रमोदने कागदावर लिहून समजावलं. हात टेकले आम्ही. ते प्रमोदला ती वेबसाइट परत उघडायला लावायचे. रेघ तिथेच, बावन्न मिनिटं तिथेच. "खोटं असतं तर एवढ्या दिवसांत पुसलं नसतं का कुणी?"

मला राग येत नव्हता असं नाही. प्रचंड यायचा. भांडी घासताना मी एकटीच नानांशी भांडायचे, मोठमोठ्याने. ईशा येऊन म्हणायची, "मम्मा, हू आर यू टॉकिंग टू?" नितीन तिला हळूच आत न्यायचा. माझी माय गेली, मला तिचं तोंड दिसलं नाही, आणि वर मीच गुन्हेगार! एकदा, फक्त एकदा या माणसाला ही वाट चालवून आणायची, असं मी मनाशी घेतलं. मग त्यांना कळेल.

वर्षश्राद्धाला मी गेले. सगळं उरकल्यावर नानांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, तीन महिने राहा. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "चल. बघतोच मी पण." पासपोर्ट काढून ठेवलेलाच होता, मायचा आणि त्यांचा, एकदा दोघांना नेऊ म्हणून. मायचा पासपोर्ट कोरा राहिला.

एका दुपारी आम्ही तळोद्याहून निघालो. जीपने नंदुरबार, नंदुरबारहून रात्रीची ट्रेन. नाना बर्थवर आडवे झाले नाहीत, मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. सकाळी मुंबईला उतरून टॅक्सीने एअरपोर्ट. तिथे रांग, मग दुसरी रांग, मग तिसरी. बॅग उघडायला लावली, रूपालीने दिलेलं लोणचं काढायला लावलं. नाना प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "आता का थांबलो?" विमान दुपारचं होतं. आत बसल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा आला, छोटं विमान, पुढे किती वेळ उरला ते आकडे. नानांचा चेहरा उजळला. मला कोपराने ढोसून म्हणाले, "हे बघ! तीन तासच आहेत. मी काय सांगत होतो?" वर्षभरात ते माझ्याशी एवढं मोकळं पहिल्यांदाच बोलले. मी म्हटलं, हो नाना.

दुबईला उतरलो. परत रांग. पाय सुजले होते त्यांचे. बाहेर नितीन गाडी घेऊन उभा होता, वाकून नमस्कार केला त्याने. नाना पुढच्या सीटवर बसले. त्यांचं घड्याळ अजून तळोद्याच्या वेळेवर होतं, ते त्यांनी बदलू दिलं नाही. शारजा ओलांडायला नेहमीसारखाच वेळ लागला. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अजून किती?"

"अजून तासभर धरा, नाना."

"आणखी एक तास?"

"हो."

मग नितीनकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी वैशू याच वाटेने आली?"

नितीन साधा माणूस. त्याने साधं सांगितलं. "हो नाना. मी सोडलं ना तिला. सारखी म्हणत होती, जोरात चालव, जोरात चालव. पण पहिलं विमानच दुपारचं होतं. ते मुंबईला उतरेपर्यंत तुमच्याकडे दिवस बुडतच असणार."

नाना परत खिडकीबाहेर बघायला लागले. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. मला वाटत होतं, आता कळलं ना? आता म्हणा. आता म्हणा की वैशू, तुझी चूक नव्हती.

घरी पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. निघाल्याचा दुसरा दिवस. ईशा धावत आली, "हाय आजोबा! हाउ वॉज द फ्लाइट?" नाना म्हणाले, "चांगली होती बेटा," आणि सोफ्यावर टेकले. चपला काढल्या नाहीत. मी पाणी आणलं, तो पेला हातात तसाच धरून बसले.

"थंडीचे दिवस होते," ते म्हणाले.

मला कळेना काय म्हणतायत.

"थंडीचे दिवस होते वैशू. बर्फ आणला असता. शहाद्याला बर्फाची फॅक्टरी आहे, अर्ध्या तासात आला असता बर्फ. सकाळपर्यंत सहज राहिली असती ती." त्यांनी पेला खाली ठेवला. "प्रमोद म्हणत होता थांबू या. मीच म्हणालो उचला. सगळे माझ्याकडे बघत होते ग. मला वाटलं तू येतच नाहीस. मला तुझा इतका राग आला होता, त्या रागात मी म्हटलं उचला."

आणि मग नाना रडले. माय गेली तेव्हा रडले नव्हते, प्रमोदने सांगितलं होतं. ते माझ्यासमोर हात जोडायला लागले. मी त्यांचे हात धरले, म्हटलं नाना, जाऊ द्या, झालं ते झालं, जाऊ द्या. ईशा दारात उभी राहून बघत होती. "व्हाय इज ही क्राइंग? मम्मा, व्हाय?"

वर्षभर मला हेच हवं होतं. मिळालं, आणि मिळाल्याबरोबर मला कळलं की मी बापाचा शेवटचा आधार काढून घेतलाय. माझ्यावरचा राग होता तोवर त्यांना स्वतःकडे बघावं लागत नव्हतं. आता त्यांच्याकडे काय उरलं? दोन माणसांत एक दोष होता, तो माझ्याकडे होता तेच बरं होतं. मी अजून चाळिशीची आहे, मी वाहून नेला असता. त्यांचं वय आहे का हे?

तीन महिने राहणार होते, तीन आठवड्यांत परत गेले. त्या तीन आठवड्यांत एकदासुद्धा चिडले नाहीत. ज्या माणसाने चहात साखर कमी पडली म्हणून आयुष्यभर घर डोक्यावर घेतलं, तो माणूस मी दिलेला गुळमट चहा मुकाट पिऊन "छान झालाय" म्हणायचा. मी जेवायला वाढलं की "बस बस, पुष्कळ झालं" म्हणायचे, पाहुण्यासारखे. नितीनने डोंगरावर फिरायला नेलं, बीचवर नेलं, सगळीकडे आले, सगळ्याला चांगलं म्हणाले. दुपारी बाल्कनीत बसून असायचे. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाले, काही नाही, बसलोय. मी ऑफिसातून दहा मिनिटं उशिरा आले तर पूर्वीचे नाना घड्याळ दाखवून उभे राहिले असते. हे नाना म्हणायचे, "लांब आहे ना ऑफिस. दमली असशील."

आता फोन केला की छान बोलतात. सगळी चौकशी करतात, ईशाची, नितीनची, इथल्या गरमीची. वेबसाइटचं नाव काढत नाहीत. प्रमोद म्हणतो, कुणी विचारलं मुलगी कुठे असते, तर सांगतात, फार लांब, तिकडे परदेशात.

परवा मी त्यांना सांगितलं, जुलैच्या सुट्टीत येतेय, आणि यंदा आधी तळोद्याला येणार, नाशिक नंतर. सासूबाईंना मी सरळ सांगून टाकलं होतं, आणि त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं नानांना आनंद होईल. त्यांनी आधी ईशाची चौकशी केली. मग म्हणाले, "लांब शे बेटा. कशाला दगदग. नको येऊ."

"रागावलात का नाना?"

"नाही ग. राग कसला?"

इकडे येऊन पडलेल्यांनो, घरचे रागावतात, टोमणे मारतात, लग्नाला नाही आलीस, बारशाला नाही आलीस म्हणून तोंड फिरवतात, त्याचा तुम्हाला वीट येत असेल. मलाही यायचा. मला आता तेच हवंय. नानांनी फोन उचलून माझ्यावर खेकसावं, एवढीशी वाट चालायला काय होतं तुला म्हणून. माझं घर म्हणजे तो रागच होता, बाकी सगळ्या भिंती. मी काही जास्त दूर गेलेली नाही, त्याच फ्लॅटमध्ये आहे, त्याच बोडक्या डोंगरांसमोर. पण मी तीन तासांवर आहे असं मानणारी दोन माणसं जगात होती, तोवर मी तीन तासांवर होते. त्यातलं एक गेलं आणि दुसऱ्याला मी स्वतः विमानात बसवून दाखवून दिलं, किती लांब आहे ते.